यकृताचा गेलेला आणि परत आलेला मान

गोव्यात इ. स. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. तुये ज्या पेडणे महालात आहे, तो त्या वेळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होता. त्यांच्या अमलात तो आला १७८८ मध्ये. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडेही वैद्य म्हणून जात असे. हकीमांशी त्याचा परिचय होता आणि इब्न सीनाचा उल्लेख ग्रंथात वारंवार येतो. (पटकीसाठी त्याने नोंदविलेले नाव म्हणजे आपली ‘मोडशी’च.)

ओर्ता आणि हकीम या दोघांचा शरीरविचार मुळात जालीनूसचा. जठरात अन्नाचा ‘कैलूस’ होतो, तो आतड्याच्या शिरांतून यकृतात जातो व तेथे त्याचे रक्त बनते. त्यामुळेच देह खालावण्याचा विकार, ‘सूउल्-किन्या’, इब्न सीनाने यकृताच्या प्रकरणात घातला. पुढे हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले आणि १६५३ मध्ये बार्थोलिनने तर यकृताचा मृत्युलेखच लिहिला! हा निकाल घाईचा होता. यकृत साखर निर्माण करते, हे क्लोद बर्नारने १८४८ मध्ये दाखविले.

कर्करोगातील झिजेचा प्रश्न येथून सुरू होतो. गाठीतील पेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवतात. यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. हे चक्र कार्ल व गर्टी कोरी यांनी उलगडले. एका ग्लुकोजमागे गाठीला एटीपीचे २ रेणू मिळतात, यकृताचे ६ खर्च होतात. शिवाय दाहाच्या काळात यकृत वेगळी प्रथिने बनवू लागते व त्यासाठी स्नायूंतील अमिनो आम्ले वापरली जातात. केवळ जास्त जेवण देऊन ही झीज भरून येत नाही, ती यामुळे.

आतड्याचा संबंध यानंतर लक्षात आला. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रतिहारी शिरेतून, म्हणजे आतड्याकडूनच येते. आतड्याचे अस्तर सैल पडले की जिवाणूंची विषद्रव्ये त्याच वाटेने यकृतात पोहोचून दाह वाढवतात. जिवाणू पित्ताम्लांचे रूपही बदलतात. बेल्जियममधील बिंडेल्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांत लॅक्टोबॅसिलस कमी झाल्याचे नोंदविले. त्यांतील निवडक जिवाणू दिल्यावर दाहाच्या व स्नायूक्षयाच्या खुणा घटल्या. हा पुरावा उंदरांचा आहे. रुग्णाला दही खायला सांगून झीज थांबेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.