दोन कर्मांची कहाणी

देणें ही क्रिया एकट्याची नव्हे. देणारा पाहिजे, घेणारा पाहिजे आणि द्यावयाची वस्तुही पाहिजे. हीं तिन्ही नांवें एका वाक्यांत आलीं म्हणजे त्यांतील घेणारा कोण आणि वस्तु कोणती, हें ऐकणाऱ्यास कळावें कसें? प्रत्येक भाषेनें या प्रश्नाचें उत्तर आपापल्या परीनें दिलें आहे, आणि तें उत्तर काळाबरोबर पालटलेंही आहे. त्या पालटाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

हा इतिहास पाहावयास नांदेड जिल्ह्यांतील बिलोलीसारखें ठिकाण फार सोयीचें. महाराष्ट्राच्या कडेवरील या भागास लागूनच तेलंगण आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत. घरांत मराठी, बाजारांत तेलुगू, निजामी अमदानींत कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि या सर्वांवर इंग्रजी. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें शिक्षणाचें माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली, तरी इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता.

आतां दोन साधीं वाक्यें या चारही भाषांतून फिरवून पाहा. ‘मीं रामाला पाहिलें’ आणि ‘मीं रामाला पुस्तक दिलें.’ मराठींत दोहोंकडे ‘ला’. उर्दूंत दोहोंकडे ‘को’. तेलुगूंत मात्र पाहिलेला राम तो ‘रामुडिनि’ आणि पुस्तक घेणारा राम तो ‘रामुडिकि’. इंग्रजींत तर नामाला प्रत्ययच नाहीं. ‘आय गेव्ह राम अ बुक’ या वाक्यांत रामाला घेणारा ठरवितें ती त्याची जागा. क्रियापदामागून आधीं घेणारा, मग वस्तु. हा क्रम उलटला तर पुस्तकासच राम दिल्यासारखें होईल! आपण मात्र ‘पुस्तक रामाला दिलें’ असें खुशाल म्हणतों, आणि अर्थाला धक्का लागत नाहीं.

परंतु इंग्रजी मुळापासून अशी नव्हती. नवव्या शतकांत, आल्फ्रेड राजाच्या काळीं, तिच्यांतही विभक्तिप्रत्यय होते. राजा म्हणजे ‘क्युनिंग’. राजाला कांहीं द्यावयाचें तर ‘क्युनिंगे’. ‘त्याला पाहिलें’ यांतील ‘त्याला’ निराळा, ‘हिने’. आणि ‘त्याला दिलें’ यांतील निराळा, ‘हिम’. पुढें शब्दांचे अंत्य स्वर झिजत गेले, प्रत्यय गळाले आणि ‘हिम’ हें एकच रूप दोन्ही कामें करूं लागलें. प्रत्ययांचें ओझें मग शब्दांच्या क्रमानें आणि ‘टु’ या लहानशा शब्दानें उचललें. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘सेंड’, ‘शो’ हीं जुनीं घरचीं क्रियापदें दोन्ही रीतींनीं चालतात. परंतु लॅटिन-फ्रेंच कुळांतून आलेलीं ‘एक्सप्लेन’, ‘डोनेट’ यांसारखीं बरींच क्रियापदें ‘टु’च्या मध्यस्थीवांचून घेणाऱ्यास जवळ करीत नाहींत.

आपल्याकडेही असेंच घडलें. संस्कृतांत घेणारा चतुर्थींत आणि वस्तु द्वितीयेंत. प्राकृतांत चतुर्थी लोपली आणि तिच्या जागीं षष्ठी आली; वररुचीनें आपल्या प्राकृत व्याकरणांत तसा नियमच सांगितला आहे. यादवकालीन मराठींत ‘सि’ आणि ‘तें’ हे प्रत्यय कर्मालाही लागत आणि घेणाऱ्यालाही. पुढें ‘ला’ रूढ झाला, त्यानेंही हाच वारसा चालविला. मग घोटाळा कां होत नाहीं? लग्नाच्या बोलण्यांतलें एक वाक्य घ्या: ‘देगलूरची मुलगी बिलोलीला दिली.’ एरवीं आपण ‘मुलीला पाहिलें’ म्हणतों; पण येथें ‘मुलीला बिलोलीला दिलें’ असें कोणी म्हणत नाहीं. घेणाऱ्यानें ‘ला’ घेतला कीं दिलेल्या वस्तूनें तो सोडावयाचा, मग ती वस्तु माणूस कां असेना! हा नियम आपणांस कोणी शिकविला नाहीं. तो आईच्या बोलण्यांतून आला.

व्याकरणकारांचें लक्ष मात्र दुसरीकडे होतें. १८०५ सालीं विल्यम कॅरी यांचें, १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांचें, १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें, अशीं मराठीचीं व्याकरणें झालीं. त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि संस्कृत आणि इंग्रजी असे दोन सांचे या शास्त्रापुढें होते. म्हणून शाळेंतील मूल ‘स, ला, ते’ हेच प्रत्यय द्वितीयेच्या ओळींत एकदां आणि चतुर्थीच्या ओळींत पुन्हां पाठ करीत आलें. ‘द्विकर्मक’ हा शब्द संस्कृत. परंतु पाणिनीय शास्त्रांत गाय आणि दूध अशीं दोन कर्में घेणारा ‘दुह्’ धातु द्विकर्मक, ‘दा’ नव्हे. तेथें घेणारा तो संप्रदान. आपण नांव संस्कृतांतून घेतलें, आणि प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर्म हा अर्थ इंग्रजींतून.

याची झळ विद्यार्थ्यांस लागते. ‘एक्सप्लेन मी धिस’ असें बिलोलीकडचा मुलगा म्हणाला कीं वर्ग हंसतो. पण ‘मला सांगा’ आणि ‘मला समजावून द्या’ यांत मराठी कांहींच भेद करीत नाहीं. ‘टेल मी’ चालतें, मग ‘एक्सप्लेन मी’ कां नाहीं, ही त्याची शंका अगदीं रास्त आहे. तिचें उत्तर त्याच्या बुद्धींत नव्हे, इंग्रजीच्या इतिहासांत आहे. तें उत्तर त्याला मिळालें पाहिजे. आणि सीमेवरील शिक्षकाजवळ तर साधनही हातचें आहे. ‘रामुडिनि’ आणि ‘रामुडिकि’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिले, शेजारीं मराठीचा एकच ‘ला’ लिहिला आणि खालीं प्रत्ययहीन इंग्रजी वाक्य लिहिलें, कीं तेलुगू जाणणाऱ्या मुलापुढें सारा प्रश्न उभा राहतो. ज्या चार भाषांचें त्याला ओझें वाटत होतें, त्याच मग त्याचे गुरु होतील.