घरातल्या संगणकांत फाइलींची देवाणघेवाण अडल्यास

घरातील एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर उघडत नसल्यास दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत का, हे प्रथम तपासावे. विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ व फाइल शेअरिंग सुरू असावे. परभणीत वीज जाऊन आली, की राउटर नव्याने सुरू होऊन संगणकाचा आयपी पत्ता बदलू शकतो; त्यामुळे पत्त्याऐवजी संगणकाचे नाव वापरावे.

जुना ‘एक्सपी’ संगणक नव्याशी जोडला जात नसेल, तर कारण वेगळे असू शकते. ‘एसएमबी-१’ या जुन्या पद्धतीतील त्रुटीचा फायदा घेत मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ऑक्टोबर २०१७ पासून ‘विंडोज १०’मधून ती पद्धत टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. ती पुन्हा सुरू करू नये. जुन्या फाइली पेन ड्राइव्हने हलवाव्यात.