नाताळ आणि दुकानाच्या फळ्या

२४ डिसेंबर १६५२ रोजी वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटने एक ठराव केला. उद्या, म्हणजे २५ तारखेला, बाजार भरावेत आणि जो दुकान उघडेल त्याला दांडगाईपासून लंडनच्या मेयरने संरक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. २००४ साली त्याच वेस्टमिन्स्टरमध्ये नेमका उलटा कायदा झाला: इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठे दुकान नाताळच्या दिवशी उघडले, तर ५० हजार पौंडांपर्यंत दंड. या साडेतीनशे वर्षांत ख्रिस्तजन्माची कथा बदललेली नाही. तारीखही, १७५२ साली पंचांगातून गाळलेले अकरा दिवस सोडले, तर तीच आहे. नाताळात दुकाने बंद असणे हा जुन्या भाविकपणाचा अवशेष आहे आणि आजच्या बाजाराने तो कुरतडत आणला आहे, अशी समजूत तिकडे आहे आणि नाताळाकडे लांबून पाहणाऱ्या आपल्याकडेही आहे. इतिहास चाळला की ती टिकत नाही. दुकानाला फळ्या लागल्या की नाही, यावरून त्या काळी कष्टकऱ्याच्या वेळेवर कोणाचा हुकूम चालत होता, हे कळते. भक्तीचे माप त्यावरून निघत नाही.

सतराव्या शतकातल्या प्युरिटनांना, म्हणजे या पार्लमेंटवर पगडा असलेल्या कर्मठ प्रोटेस्टंटांना, सणाचे वावडे होते, एवढेच सांगून बहुतेक जण पुढे जातात. त्यांचा युक्तिवाद त्याहून नेटका होता. बायबलमध्ये २५ डिसेंबरचा उल्लेख नाही. देवाने सांगितलेली विश्रांती फक्त रविवारची. मग बाकीच्या दिवशी कामे का थांबावीत? जून १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले आणि त्यांच्या बदल्यात नोकर, शिकाऊ उमेदवार आणि विद्यार्थी यांना दर महिन्याचा दुसरा मंगळवार सुट्टी म्हणून दिला. हिशेबाने पाहिले तर व्यवहार वाईट नव्हता, वर्षाला बारा दिवस मिळत होते. पण लोकांना हिशेब नको होता. त्याच वर्षी कँटरबरीत मेयरने नाताळच्या दिवशी बाजार भरवण्याचा हुकूम दिला, मोजक्या दुकानदारांनी तो पाळला, आणि जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला. खुद्द मेयरलाही धक्काबुक्की झाली. पुढच्या वर्षी दंगेखोरांवर खटला उभा राहिला तेव्हा ज्युरीने आरोप ठेवायलाच नकार दिला, आणि या असंतोषातून केंट परगण्यात राजाच्या बाजूने उठाव झाला. एका बंद दुकानाचा धागा असा थेट इंग्लंडच्या दुसऱ्या यादवी युद्धापर्यंत जातो. १६५६ साली तर पार्लमेंट मुद्दाम २५ डिसेंबरलाच बसले. सभागृह अर्धेमुर्धे रिकामे, आणि हजर असलेल्या एका सभासदाची तक्रार अशी की लंडनच्या टॉवरपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत एकही दुकान उघडे नाही. सरकारने उघड म्हणायचे आणि रयतेने फळ्या लावून बसायचे, हे दृश्य मला त्या काळातल्या कितीतरी लढायांपेक्षा बोलके वाटते.

यावर आक्षेप येईल की हे तर माझ्या मताविरुद्धच गेले; लोकांनी सरकारला न जुमानता सण पाळला, म्हणजे श्रद्धाच जिंकली. ती खरोखर श्रद्धाच असती, तर पुढच्या दोनशे वर्षांत ती गळली नसती. १६६० साली राजेशाही परतली, सण कायदेशीर झाला, कोणी विरोधक उरला नाही. आणि तरीही सुट्ट्या आटत गेल्या. बँक ऑफ इंग्लंड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संतांचे म्हणून वर्षात तीसहून अधिक दिवस बंद असे. १८३४ साली ते चारवर आले. नाताळ त्या चारांत टिकला, पण कारखान्यांत काय? १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या मुलांना आणि किशोरांना नाताळ व गुड फ्रायडे हे दोन पूर्ण दिवस दिले. जी सुट्टी कायद्याने द्यावी लागते, ती रूढीने मिळत नसली पाहिजे. आणि प्रौढ कामगाराला तर तो कायदाही लागू नव्हता.

डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही १८४३ ची गोष्ट सगळे गोडव्याने आठवतात. तिच्यातला बाजार मात्र कोणी पाहत नाही. कारकुनाला एक दिवस भरपगारी सोडताना मालक कुरकुरतो, हे सर्वांना माहीत आहे. पण मन पालटल्यावर तोच मालक नाताळच्या सकाळी पोराला धाडून दुकानातून टर्की विकत आणवतो, म्हणजे दुकान उघडे आहे! कारकुनाच्या घरचा हंस भाजला जातो बेकरीवाल्याच्या भट्टीत, कारण गरिबाच्या खोलीत एवढी मोठी चूल कुठली? नाताळाला घरगुती, उबदार सणाचे रूप देणाऱ्या या पुस्तकातच एकाच्या मेजवानीसाठी दुसऱ्याची भट्टी पेटलेली आहे. टपालाचे तेच. पेनी पोस्ट १८४० चे, पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ चे. या दोहोंमुळे नाताळ घरोघरी पोचला आणि तो पोचवणारा पोस्टमन त्या दिवशीही दारोदार फिरत राहिला. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवशीचे टपाल-वाटप १९६० पर्यंत चालू होते. तेव्हा पूर्वी सगळे शांत होते, हल्लीच बाजार बोकाळला, हे म्हणणे उलटे आहे. टपाल बंद, गाड्या बंद, फुटबॉलचे सामने बंद असा कडकडीत शांत नाताळ हे बहुतांशी १९६० नंतरचे अपत्य आहे. संघटित कामगाराने तो मिळवला, धर्मोपदेशकाने नव्हे.

स्कॉटलंडचा दाखला याहून पक्का. तिथल्या सुधारकी चर्चला नाताळ मान्यच नव्हता. १६४० साली तिथल्या पार्लमेंटने न्यायालयाची नाताळची सुट्टीही काढून टाकली. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने तिथल्या बँका २५ डिसेंबरला बंद झाल्या, पण ती सुट्टी पेढीच्या कारकुनाची. गोदीतला आणि गिरणीतला स्कॉट माणूस त्या दिवशी कामावर जात होता. सार्वजनिक सुट्टी झाली ती १९५८ साली. तोवर स्कॉट लोक दारे लावून बसत ती वर्षअखेरच्या हॉगमनेला आणि १ जानेवारीला. धर्म तोच, राजा तोच, मधे फक्त एक सरहद्द, आणि बंद दारांचा दिवस एका आठवड्याने सरकलेला.

मग २००४ च्या कायद्याचे काय, तो तर श्रद्धेचाच ना? त्याच्यामागे दुकान-कामगारांची संघटना हिरिरीने उभी होती, आणि कायद्याने मोजली ती जागा. लहान दुकान खुशाल उघडे राहू शकते. इंग्लंडातली अशी कोपऱ्यावरची कितीतरी दुकाने दक्षिण आशियाई कुटुंबांची आहेत. नाताळच्या दुपारी कोणाला दूध किंवा बॅटरी लागली, तर तिथेच धाव घ्यावी लागते.

सुट्टीचा हा हिशेब मुंबईत पोचला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने रविवार, १ जानेवारी, नाताळ आणि गुड फ्रायडे या सार्वजनिक सुट्ट्या ठरवल्या, कारण हुंडीची मुदत सुट्टीवर आली तर काय करायचे, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षीच्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांना महिन्यात चार सुट्ट्या दिल्या आणि प्रौढ गिरणी कामगाराला एकही नाही. हुंडीला रविवार मिळाला, माणसाला मिळाला नाही. तो मिळवायला कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा घ्याव्या लागल्या, अर्ज द्यावे लागले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी कबूल केली. रविवार हा गोऱ्या साहेबांच्या चर्चमुळे आपल्याकडे आला, असे आजही सांगतात. तसे असते, तर साहेबाच्या राज्यात लोखंड्यांना इतकी वर्षे झगडावे लागले नसते.

महाराष्ट्राने १९ डिसेंबर २०१७ पासून, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर, दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा लागू केला. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येईल, कामगाराला मात्र आठवड्याला एक सुट्टी मिळालीच पाहिजे, अशी त्याची मांडणी आहे. दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी यांची फारकत इथे पूर्ण झाली, आणि तत्त्व म्हणून मला ती पटते. पण हे साप्ताहिक सुट्टीचे कलम लागू झाले ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दोन-तीनच पोरे असतात.