एक राजगुरू, दोन चेहरे

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी आपली रोजची कसरत चालते. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीलाही ही कसरत चांगली ठाऊक होती, कारण तिथे एकच बोलपट अनेकदा दोन्ही भाषांत तयार होई. १९३४ सालचा 'अमृतमंथन' असाच घडला, आणि त्यातल्या खलनायकाला दोन भाषांत दोन चेहरे मिळाले.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली. पुण्याच्या नव्या स्टुडिओतला हा तिचा पहिला चित्रपट. ना. ह. आपटे यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरून घेतलेली कथा, व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन आणि केशवराव भोळे यांचे संगीत असा योग जुळून आला. शांता आपटे आणि सुरेशबाबू माने यांच्यासारखे गाते गळेही होते. हिंदी आवृत्तीने रौप्यमहोत्सव साजरा केला.

राजा क्रांतिवर्मा देवीपुढचे पशुबळी आणि नरबळी बंद करतो. राजगुरूला हा धर्मावरचा घाला वाटतो. राजाला मारण्याची आज्ञा तो आपल्याच एका अनुयायाला, यशोधर्माला देतो. स्वतः हात रक्ताने माखून न घेता दुसऱ्याच्या श्रद्धेलाच शस्त्र करणारा हा खलनायक आहे. सुमित्रा आणि माधवगुप्त ही त्या यशोधर्माचीच मुलं. सुमित्रेच्या भूमिकेत शांताबाई, तर माधवगुप्ताच्या भूमिकेत सुरेशबाबू. म्हणजे चित्रपटातला गोडवा ज्यांच्या गळ्यात, त्यांच्याच घरावर राजगुरूची सावली पडते.

हिंदीत राजगुरू झाले चंद्रमोहन. मध्य प्रांतातल्या नरसिंहपूरचा हा काश्मिरी पंडित घराण्यातला तरुण, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. त्याच्या मोठ्या, पाणीदार डोळ्यांचे मोल शांतारामांनी ओळखले. दूरचे दृश्य जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स वापरून आरंभीच त्यांनी त्याचा एक डोळा पडदाभर दाखवला. शांताराम १९३३ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. तिथल्या चित्रपटांतला छायाप्रकाशाचा खेळ या चित्रपटातही जाणवतो. प्रेक्षकाला माणूस पुरता दिसण्याआधीच त्याची नजर त्याला धरून ठेवते.

मराठीत तोच राजगुरू केशवराव दाते यांनी उभा केला. दाते रंगभूमीवर मुरलेले नट. चंद्रमोहन यांच्या डोळ्यांची देणगी त्यांच्याकडे नव्हती, पण वर्षानुवर्षांची तालीम आणि शब्दांवरची हुकमत होती. एकाच संवादाला एकीकडे नजरेचे बळ मिळाले, तर दुसरीकडे नाटकात कमावलेल्या वाणीचे.

मात्र या भूमिकेचे खरे सामर्थ्य डोळ्यांतही नाही आणि आवाजातही नाही. राजगुरू ढोंगी नाही, आपण करतो तोच धर्म अशी त्याची मनापासून खात्री आहे. म्हणून तर शेवटी सगळे उलटल्यावर तो पळून न जाता देवीपुढे स्वतःचाच बळी देतो. लोभी माणसाला पैसा देऊन थांबवता येते. ज्याला आपल्या चुकीची शंकाच येत नाही, त्याला थांबवायचे कसे? आणि त्याच्या आज्ञेपुढे आपली बुद्धी गहाण टाकणाऱ्यांचा दोष कितीसा कमी? नव्वद वर्षांपूर्वी विचारलेले हे प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत.

पुढे दाते यांनी 'कुंकू' (१९३७) मध्ये तरुण मुलीशी लग्न करणाऱ्या वृद्धाची भूमिका केली. चूक उमगलेल्या माणसाची ती शोकांतिका होती. चंद्रमोहन 'पुकार' (१९३९) मध्ये जहांगीर आणि 'रोटी' (१९४२) मध्ये धनाढ्य शेठ झाले. के. आसिफ यांनी 'मुघल-ए-आझम'मधल्या अकबरासाठी आधी त्यांनाच निवडले होते, पण १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. ती भूमिका १९६० मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या रूपाने पडद्यावर आली.

'अमृतमंथन' कधी पाहायला मिळाला, तर कचेरीतल्या अमराठी मित्रालाही सोबत घ्या. डोळ्यांची गोष्ट तो सांगेल, पुण्याची आणि दात्यांची आपण सांगू. पुराणातल्या मंथनात अमृताआधी हलाहल वर आले होते. या चित्रपटातले हलाहलही तसेच लक्षात राहणारे आहे.