ई-मेल प्रणाली

ई-मेल प्रणाली म्हणजे संगणकीय जाळ्यावरून लिखित संदेश स्वीकारणारी, वाहून नेणारी व प्राप्तकर्त्याच्या पेटीत साठवणारी व्यवस्था होय. ती एकच आज्ञावली नसून स्वतंत्रपणे चालणाऱ्या अनेक घटकांची साखळी आहे.

संदेशाचा प्रवास

मूर्तिजापूर येथील एखादा विद्यार्थी अमरावतीच्या विद्यापीठाकडे ई-मेलने अर्ज पाठवतो, तेव्हा अर्ज प्रथम मोबाइल किंवा संगणकावरील मेल-ॲपमध्ये लिहिला जातो. ॲप तो आपल्या सेवादात्याच्या सर्व्हरकडे सोपवते. पत्त्यातील 'ॲट' चिन्हानंतरचा भाग हे डोमेन नाव असते. त्याची टपाल स्वीकारणारा सर्व्हर कोणता, हे डीएनएसमधील 'एमएक्स' नोंदीवरून कळते. दोन सर्व्हरांमधील व्यवहार एसएमटीपी या नियमावलीनुसार होतो. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेले तिचे मानक ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पलीकडचा सर्व्हर बंद असल्यास संदेश रांगेत थांबतो व काही वेळाने पुन्हा पाठवला जातो. हे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू ठेवावेत, असे मानक सुचवते. त्यामुळे अर्जाच्या अखेरच्या दिवशी पडद्यावर दिसणारा 'पाठवले' हा शब्द केवळ पहिल्या टप्प्यापुरता खरा असतो. परत आलेला संदेश तरी कारण सांगतो. स्पॅम कप्प्यात गेलेल्या संदेशाची वार्ता पाठवणाऱ्यास बहुधा मिळतच नाही. ही छाननी करताना सर्व्हर एसपीएफ व डीकेआयएम या पद्धतींनी प्रेषकाच्या डोमेनची सत्यता तपासतो.

स्वीकारलेला संदेश टपालपेटीत साठतो. पीओपी पद्धतीत तो वाचकाच्या संगणकावर उतरवला जातो, तर आयमॅप पद्धतीत सर्व्हरवरच राहतो व अनेक उपकरणांवर सारखाच दिसतो.

जोडपत्रे पाठवताना मजकुरात रूपांतरित होतात व त्यांचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १५ एमबीची स्कॅन केलेली गुणपत्रिका म्हणूनच वाटेत २० एमबीची होते आणि मर्यादेबाहेर गेल्यास नाकारली जाते.

भारतातील आरंभ

१९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. पुढील वर्षी मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व आयआयटी मुंबई यांच्यात दूरध्वनी जोडणीवरून ई-मेलची देवाणघेवाण झाली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली.

देवनागरी पत्ते

मूळ एसएमटीपीत पत्ता रोमन लिपीतच लिहावा लागे. २०१२ च्या विस्तारामुळे देवनागरी पत्ते शक्य झाले आणि २०१४ मध्ये '.भारत' हे डोमेन उपलब्ध झाले. मात्र साखळीतील प्रत्येक सर्व्हरने हा विस्तार स्वीकारलेला असावा लागतो. एकानेही तो स्वीकारला नसेल, तर मराठी पत्त्यावरील संदेश तेथूनच परत फिरतो.