बावीस अक्षरांचा वारसा : फिनिशियन लिपीचा उगम आणि प्रभाव

'न क्षरति इति अक्षरम्' अशी अक्षर या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर. राज्ये लयास जातात, नगरे मातीखाली गाडली जातात, बोलणारी माणसे काळाच्या उदरात गडप होतात. मात्र त्यांनी घडविलेली अक्षरे कधीकधी परक्या भाषांच्या अंगावर वस्त्रासारखी चढून शतकानुशतके जगत राहतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील फिनिशियन लोकांच्या बावीस अक्षरांची कथा अशीच आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापडाचा व्यापारी. लिपिशास्त्र हा त्याचा अधिकारप्रांत नव्हे, तथापि अनेक वर्षांच्या वाचनाचे हे फलित वाचकांसमोर ठेवीत आहे.

आजच्या लेबनॉन देशाच्या किनाऱ्यावर बिब्लोस, सिदोन, टायर ही प्राचीन बंदरे होती. प्रत्येक नगराचा राजा वेगळा. त्यांचे एकसंध साम्राज्य असे कधी झालेच नाही. देवदार वृक्षांचे लाकूड, काचसामान, हस्तिदंती नक्षीकाम आणि रंगविलेले कापड घेऊन त्यांची गलबते थेट स्पेनपर्यंत जात. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज ही टायरवासीयांचीच वसाहत. 'फिनिशियन' हे नाव त्यांना ग्रीकांनी दिले आणि ते जांभळट तांबड्या रंगाच्या ग्रीक शब्दाशी जोडले जाते. ते स्वतःस कनानी म्हणवीत. गंमत अशी की हिब्रू भाषेत 'कनानी' या शब्दाला पुढे 'व्यापारी' असाच अर्थ प्राप्त झाला, जसा आपल्याकडे 'वाणी' हा शब्द जातीचाही आणि धंद्याचाही.

कापडाच्या धंद्यातील माणसाने त्या रंगाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे कठीण. टायरचा हा सुप्रसिद्ध रंग समुद्रातील एका जातीच्या गोगलगायीपासून काढीत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायींपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळविला. बारा हजार जीव आणि दीड ग्रॅमही नाही! आपल्या वाचकांस हा हिशेब क्लेशकारक वाटेल यात शंका नाही. फ्रीडलेंडरने असेही सिद्ध केले की हा रंग रासायनिक दृष्ट्या आपल्या नीळीचाच सख्खा भाऊ आहे. ब्रोमीनचे दोन अणू काय ते अधिक. रोमन काळात तर हा रंग राजवस्त्राचे चिन्ह ठरला.

आता लिपीकडे वळू. 'व्यापाऱ्यांना हिशेब ठेवण्यासाठी सोपी लिपी हवी होती, म्हणून फिनिशियनांनी वर्णमाला शोधली' असे वाक्य अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. व्यापारी म्हणून मला ते प्रिय वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु पुराव्याची चोपडी उघडली की जमेची ही रक्कम तेथे सापडत नाही. वर्णमालेचे जे प्राचीन लेख मिळाले, ते व्यापारी पेढीत नव्हे, तर सिनाईच्या वाळवंटात, सेराबित अल-खादिम येथील फिरोजा रत्नांच्या खाणींपाशी. १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाला तेथे काही ओबडधोबड चिन्हे कोरलेली आढळली. १९१६ मध्ये ॲलन गार्डिनर यांनी त्यांतील चार चिन्हांचा एक शब्द लावला : 'बालत', म्हणजे स्वामिनी, एका देवीचे नाव. हे लेख साधारणतः इ.स.पू. १८५० ते १५०० या काळातील मानले जातात.

इजिप्तच्या चित्रलिपीत शेकडो चिन्हे होती व ती शिकण्यात लेखनिकांचे आयुष्य खर्ची पडे. त्या खाणींच्या परिसरात वावरणाऱ्या कनानी लोकांनी युक्ती लढविली ती अशी. बैलाचे डोके काढायचे. आपल्या भाषेत बैलाला 'अल्प' म्हणतात, तेव्हा त्या चित्राचा उच्चार केवळ पहिल्या ध्वनीपुरता. घराला 'बेत', म्हणून घराचे चित्र म्हणजे 'ब'. पाण्याला 'मेम', म्हणून लाटांची रेघ म्हणजे 'म'. डोळ्याला 'ऐन', डोक्याला 'रेश'. शेकडो चिन्हांचा पसारा तीसेक चिन्हांत आटोपला. इंग्रजीतील पहिले अक्षर ए उलटे धरून पाहावे; दोन शिंगे आणि निमुळते तोंड अजूनही दिसते. एम मध्ये लाटा आहेत आणि ओ हा तोच डोळा. 'अल्फाबेट' हा शब्द मुळात बैल आणि घर यांचा समास आहे. मराठीत भाषांतर करावयाचे तर 'गोठा' म्हणावे लागेल!

ही आद्य लिपी पंडितांनी नव्हे तर सामान्य जनांनी वापरली, याचा एक सुंदर पुरावा इस्रायलमधील लाखीश येथे मिळाला. २०१६ साली उत्खननात सापडलेल्या एका हस्तिदंती फणीवरील लेख २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. केसांतील व दाढीतील उवा या फणीने निघून जावोत, एवढाच त्याचा आशय! ती इ.स.पू. १७०० च्या सुमाराची मानली जाते. अलीकडे, २०२४ साली, सीरियातील उम्म अल-मर्रा येथील मातीच्या चार लहान नळकांड्यांवरील चिन्हे याहूनही कित्येक शतके जुनी, म्हणजे इ.स.पू. २४०० च्या सुमाराची वर्णलिपी असावी, असे मत मांडले गेले आहे. त्यावर विद्वानांत एकमत झालेले नाही.

मग फिनिशियनांचे श्रेय ते काय? शोध त्यांच्या पूर्वजांचा. त्यांनी त्याला वळण दिले. इ.स.पू. १०५० च्या सुमारास अक्षरांची संख्या बावीस, लेखनाची दिशा उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षराचा आकार ठरून गेला. बिब्लोसचा राजा अहिराम याची दगडी शवपेटी १९२३ साली सापडली, ती आज बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर पेटी उघडणाऱ्यास शाप देणारा लेख या लिपीत कोरलेला आहे. शिवाय गलबतांबरोबर ही अक्षरे बंदरोबंदरी पोहोचली. येथे मात्र व्यापाऱ्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

या बावीस अक्षरांत एकही स्वर नाही, सारी व्यंजने. आपल्या बाराखडीवर वाढलेल्यास हे चमत्कारिक वाटेल, परंतु आपल्या वाडवडिलांस वाटले नसते. राजस्थान व उत्तर भारतातील व्यापाऱ्यांची महाजनी लिपी काना-मात्रा देतच नसे. त्यावरचा किस्सा सर्वश्रुत आहे. मुनिमाने लिहिले, 'बाबू अजमेर गये, बडी बही भेज दो'. घरच्यांनी वाचले, 'बाबू आज मर गये, बडी बहू भेज दो', आणि घरात रडारड सुरू झाली. असे घोटाळे होऊनही महाजनी टिकली, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही धंद्यातले. फिनिशियन लिपीचेही तसेच. त्या भाषेत शब्दाचा गाभा व्यंजनांत असल्याने जाणकार वाचकाचे अडत नसे.

ग्रीकांचे मात्र अडले. इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास त्यांनी ही अक्षरे उचलली तेव्हा स्वरांवाचून त्यांची भाषा लिहिणे दुष्कर होते. दुसरीकडे अलेफ, हे, ऐन यांसारख्या अक्षरांचे घशातील ध्वनी ग्रीक भाषेत नव्हतेच. ही रिकामी पडलेली अक्षरे त्यांनी स्वरांना दिली. अलेफचा अल्फा झाला आणि ऐनचा ओ. ग्रीक भाषेत 'अल्फा', 'बीटा' या नावांना काहीच अर्थ नाही; अर्थहीन नाव हाच उसनवारीचा पुरावा. ग्रीकांनी ही उसनवारी लपविली नाही. हेरोडोटस हा इतिहासकार स्पष्ट लिहितो की ही अक्षरे कॅडमससोबत आलेल्या फिनिशियनांनी ग्रीकांस शिकविली. आरंभी ग्रीक लोक एक ओळ उजवीकडून तर पुढची डावीकडून, शेतात औत फिरावे तशी लिहीत. पुढे इटलीतील एट्रुस्कन लोकांमार्फत ही लिपी रोमनांकडे गेली, आणि ग्रीक लिपीपासून सिरिलिक, म्हणजे रशियन वगैरे भाषांची लिपी निघाली.

पूर्वेकडील प्रवास अरमाईक लिपीतून झाला. फिनिशियनपासून निघालेली ही लिपी इराणच्या हखामनी सम्राटांनी राजकारभारासाठी स्वीकारली आणि ती सिंधू नदीपर्यंत आली. हिब्रूची आजची चौकोनी अक्षरे तिच्यापासून, नबातियन शाखेतून अरबी, अरबीतून फारसी व उर्दू. मध्य आशियातील सोग्दियन व उइघुर लिप्यांमार्गे मंगोल लोकांची उभी लिपीसुद्धा तिचीच नात.

ज्यांनी जगाला अक्षरे दिली त्यांचे स्वतःचे ग्रंथ मात्र उरले नाहीत. ते पपायरसवर लिहीत, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत पपायरस कुजून गेला. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज उद्ध्वस्त केले. पुढे लिपीही विस्मृतीत गेली. माल्टा बेटावर मिळालेल्या, ग्रीक व फिनिशियन अशा दोन भाषांतील लेखाच्या साहाय्याने १७५८ साली बार्तेलेमी या फ्रेंच विद्वानाने ती पुन्हा वाचली. आमच्या पेढीत पणजोबांच्या काळातील दोन चोपड्या लाल बासनात बांधलेल्या आहेत. त्या वाचू शकणारे घरातील शेवटचे गृहस्थ माझे वडील होते. चार पिढ्यांत आपल्याच घरातला जमाखर्च आपणांस परका होतो, तर फिनिशियनांचे नवल ते काय!

राहता राहिला आपल्या ब्राह्मीचा प्रश्न. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केलेले आणि पुढे हेमचंद्राचार्यांचे चरित्र लिहिणारे जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांनी १८९५ साली प्रतिपादन केले की ब्राह्मी ही उत्तर सेमिटिक, म्हणजे फिनिशियन घराण्यातील अक्षरांवरून घडली व ती व्यापाऱ्यांमार्फत भारतात आली. ब्राह्मीतील 'ग' आणि 'थ' यांचे साम्य ते दाखवितात. महामहोपाध्याय गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी 'भारतीय प्राचीन लिपिमाला' या ग्रंथात हे मत खोडून काढले. आज बहुसंख्य पाश्चात्त्य विद्वान अरमाईकचा काही प्रभाव मानतात. सिंधू लिपीशी संबंध जोडणाऱ्यांस ती लिपीच अद्याप वाचता आलेली नाही. माझ्या अल्प मतीला असे दिसते की काही आकार बाहेरून आले असतील तरी कंठ, तालू, मूर्धा अशा उच्चारस्थानांनुसार वर्णांची केलेली मांडणी सर्वस्वी येथली आहे. फिनिशियन क्रमाला असा कोणताही ध्वनिशास्त्रीय आधार नाही. आणि आकार उसने घेतले म्हणून कमीपणा मानण्याचे कारण काय? ग्रीकांनी मानला नाही.

भगवान ऋषभदेवांनी कन्या ब्राह्मीस अठरा लिप्या शिकविल्या, ही आपली परंपरा सर्वांस ठाऊक आहे. भगवतीसूत्राच्या आरंभीच्या मंगलात ब्राह्मी लिपीस वंदन आहे. परंपरा ही श्रद्धेचा विषय. तिला शिलालेखाच्या तागडीत घालू नये आणि शिलालेखालाही तिच्यासाठी वाकवू नये. परंतु समवायांगसूत्रातील अठरा लिप्यांची यादी इतिहासाच्या अभ्यासकानेही वाचावी अशी आहे. तीत ब्राह्मी आहे, द्राविडी आहे, अंकलिपी व गणितलिपीही आहे. त्याच यादीत खरोष्ठीचे नाव येते, जी अरमाईकपासून निघाली असे मानले जाते. आणि 'जवणालिया' हेही नाव येते, ज्याचा अर्थ यवनांची, म्हणजे ग्रीकांची लिपी असा केला जातो. टायर आणि सिदोनच्या अक्षरांची ही दोन नातवंडे आपल्या आगमात ब्राह्मीच्या पंक्तीला बसलेली आहेत.