देवीला हाक देणारे कातडे: गोंधळ, जागरण आणि वरळीच्या चाळी

१/
वरळीच्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. घरातले लग्न पार पडले की गोंधळ घालायचा, हा कुळाचार सातारा-कोल्हापुराकडून गिरणीत कामाला आलेल्या कुटुंबांनी एवढ्याशा जागेतही सोडला नाही. पाटावर चौक भरला जाई, दिवटी पेटे आणि संबळावर काठी पडे. हा धागा त्या संबळाचा आणि त्याच्या भावंडांचा आहे. ही वाद्ये कशाची बनतात, ती पारखतात कशी, त्यांच्या साहित्याला कोणता अर्थ चिकटलेला आहे आणि त्या अर्थातून कोणाचे हात वगळले गेले?

२/
आधी थोडे दूरचे. 'शामन' हा शब्द सायबेरियातील एवेन्की लोकांच्या भाषेतून जगभर पसरला. दैवी शक्तींशी संवाद साधणाऱ्या या माणसाचे मुख्य साधन म्हणजे ढोल: लाकडाचे कडे आणि त्यावर ताणलेले रेनडियरचे, हरणाचे किंवा घोड्याचे कातडे. तिकडच्या अनेक जमातींत ढोल हे शामनाचे वाहन मानले जाते. ज्या प्राण्याचे कातडे, त्याच्या पाठीवर बसून तो परलोकाची वाट चालतो, अशी ती श्रद्धा आहे. म्हणून ढोलाचे झाड कोणते आणि प्राणी कोणता, हा प्रश्न तेथे धर्माचा असतो.

३/
महाराष्ट्रात 'शामन' हा शब्द नाही, माणसे आहेत. भगत, देवऋषी, गोंधळी, वाघ्या, आराधी, जोगती, पोतराज. ही सगळी एकाच साच्यातली नाहीत. भगताच्या अंगात वारे येते. गोंधळी देवीला गाण्यातून आणि कथेतून पाचारण करतो. पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो. रा. चिं. ढेरे यांनी 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' या १९६४ च्या ग्रंथात अशा उपासकांचा सविस्तर मागोवा घेतला. या बहुतेकांच्या हाती एक गोष्ट समान दिसते: चामड्याने मढवलेले एखादे वाद्य.

४/
ही परंपरा जुनी आहे. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, घन आणि अवनद्ध. अवनद्ध म्हणजे मढवलेले. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'गोंडली' नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातही हे नृत्य आहे. आजच्या गोंधळाचे नाते अभ्यासक या नृत्याशी जोडतात.

५/
संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन वाद्ये. एक लहान आणि उंच स्वराचे, दुसरे मोठे आणि खर्जाचे. भांडी तांब्याची, पितळेची किंवा लाकडाची असतात. ती कापडाने कमरेला बांधून पुढे घेतात आणि दोन काठ्यांनी वाजवतात. त्यातील एका काठीचे टोक वाकडे असते. सोबत तुणतुणे आणि झांज. उघड्या अंगणात, रात्रभर, गर्दीच्या कोलाहलावर मात करणारा आवाज हवा, या गरजेतून त्याची घडण झालेली आहे.

६/
असे वाद्य पारखायचे कसे? कातडे उजेडासमोर धरले की सोलताना सुरीने पडलेला चिरा किंवा जुन्या जखमेचा व्रण दिसतो; तेथेच ते पुढे फाटते. पाठीच्या कण्यालगतचे कातडे जाड, पोटाकडचे पातळ. म्हणून सबंध तोंडावर जाडी सारखी आहे की नाही, हे बोटांनी चाचपावे लागते. लाकूड पुरते वाळलेले आणि बिनगाठीचे हवे. ओल्या लाकडाला पुढे भेग पडते. शेवटी कडेला आणि मध्यभागी थाप मारून दोन्हीकडचा नाद ऐकायचा. ही परीक्षा कारागीर आणि वादक दोघांनाही अवगत असते.

७/
या सामग्रीमागे एक कथा सांगितली जाते. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्या मस्तकापासून आणि शरीरातील तंतूंपासून वाद्य तयार केले आणि ते वाजवत तो माता रेणुकेपुढे उभा राहिला. तोच पहिला गोंधळ. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई, असे गोंधळ्यांचे दोन मुख्य भेद आहेत. कथेचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे. मेलेल्या देहाला पुन्हा आवाज दिला जातो आणि तो आवाज थेट देवीपर्यंत पोहोचतो.

८/
आता खंडोबाचा वाघ्या. त्याच्या हाती दिमडी असते: एका हातात मावणारे कडे आणि त्याच्या एकाच तोंडावर ताणलेले कातडे. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरत. ते पातळ, चिवट आणि स्वच्छ नाद देणारे असते. भंडार ठेवण्याची वाघ्याची पिशवी परंपरेने वाघाच्या कातड्याची असे. त्याच्या नावाचा संबंधही वाघाशीच जोडतात. रानातला देव आणि रानातल्या प्राण्यांची कातडी, असा हा मेळ होता.

९/
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ आणि घोरपड या दोघांनाही संरक्षण दिले. दिमडीला शेळीचे कातडे आले, पुढे कृत्रिम पडदाही आला. जागरणे थांबली नाहीत. प्रतीकासाठी ठरावीक प्राणी अपरिहार्य असतो, या समजुतीला खंडोबाच्या भक्तांनी स्वतःच्या आचरणातून उत्तर दिले आहे.

१०/
चौंडके हे यल्लमाच्या आराधनेतील वाद्य. नळीसारखे भांडे, एका तोंडाला कातडे, दुसरे तोंड उघडे. कातड्याच्या मध्यातून ओवलेली तात दुसऱ्या टोकाने हातात ताणून धरायची आणि छेडायची. भांडे काखेत असते. ताण कमीजास्त केला की स्वर चढतो, उतरतो. माणूस हुंदका देतो आहे असे वाटावे, असा तो आवाज. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून पिळलेली दोरी. कातडे आणि आतडे, दोन्ही एकाच वाद्यात.

११/
या वाद्याच्या सुरेलपणाबद्दल लिहिताना एक गोष्ट दडवता येत नाही. ते ज्यांच्या हाती होते, त्यांतील अनेक मुली देवीला 'सोडलेल्या' होत्या. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. सात दशकांनंतर दुसरा कायदा लागतो, यावरून पहिल्याचा परिणाम किती झाला हे कळते. चौंडक्याचे प्रतीकशास्त्र या मुलींना वगळून सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे होय.

१२/
हलगी सर्वांत साधी. लाकडाचे किंवा लोखंडाचे कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हाती बारीक काडी आणि दुसऱ्या हाती जाड टिपरी. हवेतील ओल लागली की कातडे सैल पडते. मग कागद, पालापाचोळा पेटवून ती शेकतात. आषाढ-श्रावणात समुद्रकाठच्या वरळीत तर हे वारंवार करावे लागते. जाळावर धरलेली हलगी पाहून पुष्कळांना तो एखादा विधी वाटतो. मुळात ती वाद्य स्वरात आणण्याची रीत आहे.

१३/
आता धाग्याचा मुख्य प्रश्न. हे कातडे आले कोठून? गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते. कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि चामड्याच्या वस्तूंचे काम चांभारांकडे होते. हलगी वाजवणे हे बहुधा मांगांचे काम. मुंबईत हाच उद्योग धारावीत एकवटला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे कातडी कमावली जाऊ लागली. चुन्यात भिजवणे, केस काढणे, खरवडणे, ताणणे, वाळवणे. दुर्गंधी आणि कष्ट एका वस्तीच्या वाट्याला, नाद दुसऱ्या वस्तीच्या.

१४/
येथे परंपरेतील सर्वांत मोठी विसंगती उभी राहते. मेलेल्या जनावराला हात लावणारा अस्पृश्य ठरला. त्याच जनावराचे कातडे भांड्यावर चढले, त्याला हळदकुंकू लागले, की ते पूज्य झाले. खंडेनवमीला त्याची पूजा झाली. देवीला हाक मारण्याचा मान कातड्याला मिळाला. ते कमावणाऱ्याला देवळाची पायरीही चढता येईना. झाड, प्राणी आणि धातू यांचे अर्थ सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. कातडे कमावणाऱ्याची कथा त्यांत नाही.

१५/
मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि अपमानाची कामे सोडून देण्याचे आवाहन केले. अनेक गावांत सणासमारंभाला वाजवणे हीदेखील अशीच सक्तीची सेवा होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर असंख्य कुटुंबांनी देव्हाऱ्यातील टाक विसर्जित केले, पोतराज सोडणे बंद केले आणि त्याबरोबर वाद्येही खाली ठेवली. वाद्य न निवडणे हीसुद्धा एक निवड होती, आणि तिच्यामागे पूर्ण विचार होता.

१६/
वरळीच्या बीडीडी चाळी या दोन्ही प्रवाहांचे घर होत्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने उभारलेल्या या चाळींच्या वरळीत १२१ इमारती होत्या. सेंच्युरीसारख्या गिरण्यांतील घाटी आणि कोकणी कामगार तेथे राहत आणि आंबेडकरी कुटुंबांची मोठी वस्तीही तेथेच होती. एका खोलीत संबळ वाजे, आणि दुसऱ्या इमारतीत देव्हाऱ्याच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर असे. एकाच आवारात एकाच कातड्याचे दोन अर्थ नांदत होते.

१७/
तिसरी वाटही निघाली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. बाज तमाशाचाच, पण देवाच्या स्तवनाऐवजी समतेचा विचार. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले आणि गिरणगावात डफ कामगारांच्या सभांत घुमू लागला. अण्णा भाऊ स्वतः मातंग समाजातील. ज्या समाजावर वाजवण्याची सक्ती होती, त्यातलाच एक माणूस आता स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या शब्दांसाठी शाहिरीच्या मंचावर उभा होता.

१८/
नायगावात जन्मलेले शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) हे या वाटेचे ठळक उदाहरण. आयुष्यभर आंबेडकरी विचार गाणाऱ्या उमपांनी 'जांभूळ आख्यान' गोंधळाच्या बाजात रंगवले. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी असलेल्या ओढीची ती कथा. गोंधळाची कला त्यांनी स्वीकारली, तिच्यातील दास्य नाकारले. वाद्य जुनेच होते. ते का वाजवायचे, हे वाजवणाऱ्याने ठरवले.

१९/
जगात याला एक समांतर घटना आहे. उत्तर युरोपातील सामी लोकांचे ढोल सतराव्या-अठराव्या शतकांत ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांनी जप्त केले, काही जाळले. १६९१ मध्ये नॉर्वेत आंदेर्स पौल्सेन या वृद्ध सामीचा ढोल हिरावून घेतला गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला. निकालापूर्वीच त्याची हत्या झाली. तो ढोल दीर्घकाळ डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे होता. २०२२ मध्ये सामींना परत मिळाला. तेथे सत्तेने वाद्य हिसकावले, येथे व्यवस्थेने ते गळ्यात बांधले. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच: वाद्यावर हक्क कोणाचा?

२०/
आज संबळ, दिमडी, हलगी विकत घेणारे तरुण पुष्कळ आहेत. कृत्रिम पडदा पावसात सैल होत नाही, शेकावा लागत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. कातड्याचा नाद अधिक भरीव, पण देखभाल अधिक. दोन्हींपैकी काहीही निवडता येते. कातडे निवडणाऱ्याने झाड आणि प्राणी यांच्याबरोबर आणखी एक चौकशी करावी: हे कमावले कोणी, मढवले कोणी, आणि त्याला मोल किती मिळाले?

२१/
गोंधळी आरंभी तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा अशा दूरदूरच्या देवतांना एकेक करून बोलावतो. गावापासून तुटून वरळीच्या खोलीत राहणाऱ्या कामगारासाठी ती नामावळी म्हणजे सोडून आलेल्या मुलखाची उजळणी होती. सगळ्यांना निमंत्रण जाई. ज्याने कातडे कमावले, त्याचे नाव मात्र त्या यादीत नसे.

२२/
२०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या काही कुटुंबांना पुनर्विकसित मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नव्या घरांतही लग्ने होतील, कोठे गोंधळ घातला जाईल, कोठे बुद्धवंदना होईल आणि १४ एप्रिलला खाली मिरवणुकीत हलगी कडाडेल. ती शेकायला कोणीतरी रस्त्याच्या कडेला कागद पेटवील. त्या जाळाभोवती उभे राहणाऱ्यांना हा सारा इतिहास ठाऊक असावा, इतकीच अपेक्षा.